तुमच्या नावाचं सोडण

बाबा, तुम्ही मला ज्या फासाने मारायचात तो फास अजून माझ्या घरात आहे. पोफळीवर चढताना दोन्ही पायांत अडकवायचात तो, काथ्याचा, घामाने काळा पडलेला. श्रीवर्धनची खोली रिकामी केली तेव्हा बाकी सगळं वाटून टाकलं आणि हा तेवढा पिशवीत घालून नागावला आणला. नवऱ्याने विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, असू दे. तो दारामागे खिळ्याला लटकतो आणि येता-जाता माझी नजर त्याच्यावर पडतेच. पाठीवर त्याचा वळ कसा उठायचा ते मी अजून सांगू शकते. आधी क्षणभर काहीच वाटायचं नाही, मग आग व्हायची, आणि मग उताणं झोपता यायचं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे स्वतःचे केस पिकले, तरी हे लिहिताना मी दात आवळून बसले आहे. तेव्हा पत्र गोड असणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही नुसतेच वाईट असता तर सोपं झालं असतं. एक दिवस आठवतो. सुपारी उतरवायचा हंगाम, तुम्ही दुपारीच खुशीत घरी आलात. पोफळीची गळून पडलेली एक भलीमोठी विरी, म्हणजे झावळीचं होडीसारखं रुंद देठ, तुम्ही ओढत आणली होतीत. मला त्या विरीवर बसवलंत आणि पुढची झावळी धरून वाडीभर पळवलंत. पाटाच्या कडेने, झाडांच्या मधून, वळणावर मी पडले की पुन्हा उचलून बसवायचात. आई चुलीपुढून उठून दारात आली आणि पदर तोंडाला लावून हसत उभी राहिली. मग तुम्ही जेवायला बसलात. आमटीत मीठ जास्त झालं होतं. तुम्ही पातेलं उचललंत आणि आईच्या अंगावर फेकलंत. गरम आमटी तिच्या मानेवरून खाली ओघळली आणि ती ओरडली नाही. ओरडले मी, म्हणून फास माझ्यावर निघाला. बाबा म्हटलं की मला अजूनही ती विरी आणि ते पातेलं एकदमच दिसतं. एक बाजूला ठेवून दुसरं बघता येत नाही, किती प्रयत्न करून पाहिला.

तुमची मांडी मात्र गावभर प्रसिद्ध होती. पाडेली लोक, म्हणजे झाडावर चढून सुपारी उतरवणारे तुमच्यासारखे, खोड मांड्यांत आवळून वर जातात, आणि वर गेल्यावर झाड वाकवून शेजारचं झाड धरतात. जमिनीवर न उतरता अर्धी वाडी पालथी घालतात. वर्षानुवर्षं खोड घासून गुडघ्याच्या आतल्या बाजूला कातडी जाड होते, गाठ धरते. तिला तुम्ही लोक म्हणायचात, ‘झाड लागलं’. झाड लागल्याशिवाय पाडेली पुरा होत नाही असा तुमचा हिशेब. तुम्हाला डाव्या मांडीला गुडघ्याच्या वर जी गाठ आली ती सगळ्यांत मोठी. पहिल्यांदा झाडावर चढणारी पोरं आधी तुमच्या गाठीला हात लावायची आणि मग खोडाला. तुम्ही चड्डी वर सारून बसायचात, देवळातल्या देवासारखे. मी लग्न होऊन नागावला आले तेव्हा ती लिंबाएवढी होती. आई गेली तेव्हा मोसंब्याएवढी झाली होती. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या धंद्यात माणसाने ती डॉक्टरला दाखवली असती. आपल्याकडे तिला मान होता, आणि त्या मानाने तुमचा घात केला.

दुखायला लागली तेव्हाही डॉक्टर नाहीच. झाड रुसलंय म्हणालात. मी त्या वेळी चार दिवस राहायला आले होते, म्हणून ते मला बघावं लागलं. झाडांवरच्या तुमच्या जोडीदाराने कोयती चुलीत घालून लाल केली. तुम्ही पाटावर पाय पसरून बसलात, दातांत एक ओली सुपारी धरलीत आणि मान हलवलीत. त्याने कोयतीची पाठ गाठीवर टेकवली. चर्र झालं, वास आला, मी बाहेर जाऊन ओकले. आतून तुमचा आवाज आला, शांत. “आनखी एक दे. नीट लागला न्हाय.” असे होतात तुम्ही. दुसऱ्याला जसं मारायचात तसंच स्वतःलाही, त्यात कधी भेदभाव केला नाहीत.

ती जखम भरलीच नाही. गाठ त्या डागाच्या तोंडातून बाहेर यायला लागली. मग नवऱ्याने गाडी केली, अलिबागला नेलं, अलिबागहून मुंबईला धाडलं. तिथल्या डॉक्टरने तपासण्या केल्या आणि आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं की ही झाडाची गाठ नव्हे, मांसातून उठणारा कर्करोग आहे, फार क्वचित कोणाला होतो, सारकोमा म्हणतात. झाडाशी त्याचा काही संबंध नाही. पाय मांडीपासून काढावा लागेल, तोही लवकर, नाहीतर छातीत उतरेल. तुम्ही बाकीचं काही ऐकलंच नाहीत. “उभा जन्म झाडावर काढला,” तुम्ही म्हणालात, “आनि ह्यो म्हनतो झाडाशी संबंध न्हाय.” आणि समोरची फाईल उचलून त्याच्या तोंडावर फेकलीत. तो बिचारा चष्मा शोधत टेबलाखाली वाकला. मी कागद गोळा केले. लाजेने मला मान वर करता येईना.

मुंबईला मांडव्याहून लाँचने जाणं नागावहून सोयीचं, म्हणून तुम्हाला मी माझ्याकडे आणलं. लोक म्हणाले, लेक असावी तर अशी. लोकांना काय माहीत. ड्रेसिंग करताना तुम्ही माझे केस धरून ओढायचात. गोळी दिली तर थुंकायचात. काठी उशाशी असायची आणि मी वाकले की ती चालायची. आम्ही मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्या तेव्हा बंद ठेवल्या, कारण तुमच्या शिव्या रस्त्यापर्यंत जायच्या आणि जखमेचा वास अंगणापर्यंत. दवाखान्यातही आपल्या शेजारी कोणी नव्हतं. तोंडाचा, घशाचा, गर्भाशयाचा कर्करोग झालेल्यांचे नातेवाईक तिथे एकमेकांत बोलायचे. कुठल्या इंजेक्शनने ओकाऱ्या होतात, काय खायला द्यायचं, कोणाचं बरं झालं. मला विचारलं की मी ते नाव सांगायचे आणि समोरची बाई “असं होय” म्हणून गप्प व्हायची. आजार दुर्मीळ असणं म्हणजे काय, तर हे. दुखण्यापेक्षा मला ती गप्प होणारी तोंडं जास्त लागायची.

चाचा भेटले ते लाँचवर. परतीची लाँच, तुम्ही बाकावर पाय लांब टाकून डोळे मिटलेले, आणि मी फोनवर नवऱ्याला सांगत होते की डॉक्टरने सारकोमाच सांगितलाय पुन्हा, बदल नाही. पुढच्या बाकावरचा माणूस वळला. पांढरी दाढी, अंगात स्वच्छ शर्ट, आणि त्याची उजवी बाही खांद्यापासून दुमडून पिनने लावलेली. “मना पन तोच,” तो म्हणाला, इतक्या सहज की जणू एकाच गावचे निघालो. शेजारी त्यांची बायको, चाची. रेवदंड्याकडची माणसं. चाचांनी गल्फमध्ये ट्रक चालवलेला, हात गेला तेव्हा परत आले. मला रडू कोसळलं, बाबा. त्या नावाला कोणीतरी पहिल्यांदा ओळख दिली होती. चाचीने माझ्या हातात खजूर ठेवला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

पुढचं तुम्हालाही आठवत असेल, मांडव्याच्या धक्क्यावरचं. उतरताना चाचांनी तुम्हाला सरळ सांगितलं, “पाय देऊन टाक भाय. ठेवून काय करनार?” तुम्ही म्हणालात, “तू थोटा झालास म्हनून सगल्यांना थोटा करतोस काय रं?” आणि काठी त्यांच्या कानशिलावर हाणलीत. भर धक्क्यावर, माणसं रांगेत उतरत असताना. त्यांचा कान फुटून रक्त आलं. मी पुढे धावले तर चाचीने मला दंडाला धरून मागे ओढलं. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, “लागू दे दोघांनाबी.” चाचांनी रक्त पुसलं, हाताकडे पाहिलं आणि मग तो एकच हात मागे नेऊन तुमच्या जबड्यावर असा ठेवून दिला की तुम्ही धक्क्यावर बसलातच. काठी गडगडत पाण्यात गेली. तुमच्या तोंडातून रक्त, त्यांच्या कानातून रक्त, दोघे हाशहुश करत, आणि भोवती गर्दी. चाचा तुमच्यासमोर उकिडवे बसले.

“लागला काय?” त्यांनी विचारलं.

“लागला,” तुम्ही म्हणालात. दात हलतोय का ते जिभेने चाचपत होतात.

“एकच हाय,” चाचा म्हणाले, आणि तो हात तुमच्यापुढे धरला, उठायला.

तुम्ही तो धरलात. मी जन्मात पहिल्यांदा तुम्हाला कोणाचा हात धरताना पाहिलं.

पण पाय द्यायला तुम्ही तयार झाला नव्हतात. उलट घरी आल्यावर जास्त पिसाळलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन आले, आणि दवाखान्याने दिलेली तारीख जवळ आली आहे एवढंच बोलले, तर तुम्ही ते वाडगं माझ्या हातातून हिसकावलंत आणि माझ्या छातीवर उपडं केलंत. पेज चुलीवरून नुकती उतरवलेली. मी मागे सरले, उंबऱ्याला अडखळले आणि हातावर पडले. करंगळीचं हाड मोडलं, ते अजूनही वाकडं आहे. पडल्या जागेवरून मला तुम्ही दिसत होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आईवर आमटी फेकलीत तेव्हा पाहिलं होतं. नवरा धावत आला. तो बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी म्हणाला, “यांना श्रीवर्धनला सोडून येतो. आजच. मेले तर तिकडे मरू देत.” मी नको म्हटलं नाही. मी तुमचे कपडे पिशवीत भरायला घेतले. मला वाटलं, बरं होईल. मी तुम्हाला मरायला पाठवत होते आणि मला खरंच बरं वाटत होतं.

पिशवी अर्धी भरली असेल, तेवढ्यात धक्क्यावर मी दिलेल्या पत्त्यावर चाची आली. चाचांच्या कानाला टाके पडले ते सांगायला, आणि तुमच्यासाठी सोलकढी घेऊन. माझी भाजलेली छाती, सुजलेला हात, ती पिशवी, तिने सगळं एका नजरेत पाहिलं. सोलकढी ओट्यावर ठेवली. मला डॉक्टरकडे नेऊन बोट बांधून आणलं आणि मग घरी न आणता तिच्या घरामागे खाडीच्या कडेला नेलं. तिथे एक खड्डा होता, चिखलाच्या पाण्याने भरलेला, आणि त्याला असा घाण वास की डोळ्यांत पाणी यावं. तिने त्यातून सोडणं काढली. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, महिनोन् महिने पाण्यात कुजवून, मग ती मोगरीने कुटून काथ्या काढायचा, त्याचं सुंभ वळायचं, हे तिच्या माहेरचं काम. तिने एक सोडण दगडावर ठेवलं आणि लाकडी मोगरी माझ्या चांगल्या हातात दिली.

“ज्याचा राग आलाय त्याचा नाव घे,” ती म्हणाली. “मनात घेतला तरी चालंल. मग हान. कोनी कोनाला इचारायचा न्हाय, का म्हनून.”

“तुम्ही कोणाचं घेता?”

“याचाच,” ती म्हणाली. चाचा तिथेच खुर्चीवर बसले होते, कानाला पट्टी. “मना सोडून तिकडं जाऊन बसला, परत आला तर आर्धा. घरात ओरडतो, बशा फोडतो. मी काय करू? त्याला तर हानता येत न्हाय, आजारी मानूस.”

“घे, घे माजा नाव,” चाचा म्हणाले. “पन जोरात हान, काथ्या मऊ येतो.”

मी तुमचं नाव घेतलं. पहिला घाव चुकला, दगडावरच बसला आणि खांद्यापर्यंत झणका गेला. दुसरा बसला. मग मला थांबताच येईना. प्रत्येक घावाला काळं पाणी तोंडावर उडत होतं. आईच्या मानेवरची आमटी, फास, पेज, केस ओढणं, सगळं मी त्या सोडणावर काढलं. सोडणाचा भुगा झाला तरी मी हाणत होते. चाची मधेच दुसरं सोडण पुढे सरकवायची. दमले तेव्हा माझ्यापुढे सोनेरी काथ्याचा ढीग होता आणि मी रडत नव्हते. घरी येऊन पिशवीतले तुमचे कपडे मी परत खुंटीवर लावले.

त्यानंतर चाची आमच्याकडे यायला लागली, सोडणं घेऊनच. तुम्हाला बाहेर पडवीत आणून बसवायचो, चाचा तुमच्या शेजारी, आणि आम्ही दोघी अंगणात कुटायचो. कुजलेल्या सोडणांच्या वासात तुमच्या जखमेचा वास बुडून जायचा, हा त्यातला एक फायदा, जो आम्ही कधी बोलून दाखवला नाही. तुम्ही दोन दिवस बघत राहिलात. तिसऱ्या दिवशी मला विचारलंत, “कोनाला हानतेस एवढी?”

चाचीने मान वर केली नाही. चाचा रस्त्याकडे बघायला लागले. नियम असा की कोणी विचारायचं नाही, पण तुम्हाला नियम कोणी सांगितलाच नव्हता. मला खोटं बोलता आलं असतं. माझ्या हातात मोगरी होती आणि तुमची काठी मांडव्याच्या पाण्यात गेली होती.

“तुम्हाला,” मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वाट बघत होते की आता काहीतरी उडत येईल, तांब्या, शिवी, काहीतरी. तुम्ही पडवीच्या पायरीवरून घसरत घसरत खाली उतरलात, तो सडका पाय ओढत, मातीतून. ढिगातलं एक सोडण उचललंत, दाबून पाहिलंत, टाकलंत. दुसरं उचललंत, त्याहून कडक. ते माझ्यासमोर दगडावर ठेवलंत.

“ह्ये घे,” तुम्ही म्हणालात. “ते मऊ व्हता.”

मी हाणलं. तुमच्यासमोर, तुमचं नाव घेऊन, जोर लावून हाणलं. तुम्ही दुसरं ठेवलंत. मग तिसरं. दुपार कलेपर्यंत आपण दोघे तेच करत होतो. उठताना तुम्ही चाचांना म्हणालात, “पाय दिला तर मी करनार काय दिसभर?” चाचा म्हणाले, “ह्येच. सोडना सरकव.” त्या आठवड्यात तुम्ही पाय दिलात.

ऑपरेशननंतरच्या दिवसांत तुम्ही संत झालात असं मी कोणाला सांगत नाही. तुम्ही नसलेला पाय खाजतोय म्हणून ओरडायचात आणि नर्सला लोटायचात. पण मला तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत. कोणी विचारलं तर सांगते, हात लावला नाही, बस्स, माफी नाही की काही नाही. मग हळूहळू आमच्या अंगणात माणसं वाढली. डॉक्टरांकडून, लाँचवरून, कोणाच्या कोणाकडून कळत एकेक यायला लागले. मुरूडहून एक बाई नवऱ्याला घेऊन आली, त्याला पोटात हाच. पेणकडची एक कॉलेजची मुलगी, तिला कंबरेत. सगळ्यांचा आजार असा की त्यांच्या गावात त्याचं नाव दुसरं कोणी ऐकलेलं नाही. आमच्या अंगणात मात्र ते नाव सगळ्यांना यायचं. चाचा मुंबईच्या खेपेला ज्याच्यासोबत कोणी नाही त्याच्यासोबत जायचे. पावसाळ्यात लाँच बंद झाली की माझा नवरा गाडी काढायचा. सांभाळणारे कुटायचे, आजारी माणसं सोडणं सरकवायची, ज्यांचे हात चालत होते ती सुंभ वळायची. ती मुलगी कुटताना स्वतःचंच नाव घ्यायची, मोठ्याने. तेव्हा तुम्ही तिला दाबून पाहून सगळ्यात मऊ सोडण द्यायचात आणि ती चिडायची.

आणि तुम्ही श्रीवर्धनला गेलात ते आठवतं? कुबड्या घेऊन, माझ्या मागे लागून, चाचांना सोबत घेऊन. वाडी वाडी फिरून सगळ्या पाडेल्यांना खाली बोलावलंत आणि एकेकाची मांडी दाबून पाहिलीत. जो दाखवेना त्याच्या नडगीवर कुबडी. तुमच्या जोडीदाराने, त्या कोयतीवाल्याने, पाय मागे घेतला तर तुम्ही त्याला मातीत पाडून छातीवर बसलात, एका पायाने, आणि त्याची चड्डी वर ओढलीत. सगळ्यांना मी अलिबागला तपासायला आणलं. सगळ्या साध्या गाठी निघाल्या, खरोखर झाडाच्या. तुम्ही घरी येताना गाडीत पुटपुटत होतात, “म्हंजे एकट्या मलाच.” चाचा म्हणाले, “तू एकटा न्हाय रं भाय. मी हाय ना.” तुम्ही त्यांना शिवी दिलीत, आणि ती शिवी प्रेमाची होती हे गाडीतल्या सगळ्यांना कळलं.

चाचा आधी गेले. त्यांच्या मातीला तुम्ही कुबडीवर उभे होतात आणि मूठभर माती टाकताना तुमचा तोल गेला तर माझ्या नवऱ्याने धरलं. त्या दिवशी चाची घरी येऊन न जेवता कुटायला बसली आणि तुम्ही तिला सोडणं दिलीत, संध्याकाळपर्यंत. मग तुमच्या छातीत उतरलं, डॉक्टरने सांगितलं होतं तसं. शेवटी शेवटी तुम्हाला उचलवेना तर तुम्ही पडवीत खाटेवर पडल्या पडल्या कुबडीच्या टोकाने सोडण ढकलायचात. खाटही आपल्याच सुंभाने विणलेली. ज्या सकाळी गेलात त्या सकाळीही एक ढकललंत. ते कडकच होतं. मी ते कुटलं, आणि वर पाहिलं तर दुसरं आलं नाही.

रविवारी अंगणात अजून माणसं येतात. चाची आता थकली आहे, ती नुसती बसून वळते. नवीन बायांना मोगरी मी देते, नियम मी सांगते, आणि त्यांच्यापुढे सोडणं मी सरकवते, दाबून बघून. त्यातल्या किती जणी पहिल्या दिवशी म्हणतात, मला राग नाहीये हो, मी प्रेमाने करते. मी म्हणते, हो, हो, हाण. मग त्यांचा पहिला घाव चुकतो, दुसरा बसतो, आणि मग त्यांनाही थांबता येत नाही.

परवाच्या रविवारी एक नवीन बाई आली होती. बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं, नियम विसरून, ताई, तुम्ही कोणाचं नाव घेता? मी सवयीने म्हटलं, बापाचं. आणि माझा हात थांबला. कारण सकाळपासून मी कुटत होते आणि तुमचं नाव घेतलंच नव्हतं. मी गच्चीवर वाळत घातलेल्या आमसुलांचा विचार करत होते. त्याच्या आधीच्या रविवारी घेतलं होतं का, तेही आठवेना. इतकी सोडणं मी अशीच, कोणालाच न हाणता, फोडली होती. मला घाबरायला झालं, बाबा. तुमचं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच. विरी एकदाची, सोडणं शेवटच्या वर्षांची, बाकी सगळा तो राग. तो गेला तर तुमच्यातलं माझ्याकडे काय राहिलं, हे मला कळेना, आणि म्हणून मी हे लिहायला बसले. लिहून झालं की उद्या बंबात घालेन, पाठवायला पत्ता कुठे आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून मी दारामागचा फास काढला. मूठ आवळून धरला, तुम्ही धरायचात तसा, आणि माझ्या डाव्या हातावर जोराने मारला. काथ्या आतून कुजला होता. हातात तुटला आणि फरशीवर नुसता भुसा पडला. तरी मी बाही वर करून बराच वेळ हाताकडे बघत बसले, वळ उठेल म्हणून. उठला नाही. बाबा, मला तो हवा होता.